तीस शिलिंगांचा कारागीर

खंडेनवमीच्या दिवशी कारखान्याचे रूप पालटते. आदल्या दिवशीच यंत्रे रॉकेलने धुतली जातात, चिप्सचे ढीग उपसले जातात, आणि एरवी तेलाने माखलेल्या लेथच्या चकला झेंडूची माळ पडते. बेडवर हळदकुंकू, टूलपोस्टपाशी नारळ, भिंतीवर देवाची तसबीर. मी टर्नर म्हणून बावीस वर्षे काढली आणि पुढे चौदा वर्षे मुलांना हाच धंदा शिकवला. म्हणजे छत्तीस खंडेनवम्या मी यंत्रापुढे हात जोडून उभा राहिलो. हे यंत्र मुळात कोणी घडवले, हा प्रश्न एवढ्या वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता, हे कबूल करायला हवे.

तो प्रश्न विचारला माझ्या एका विद्यार्थ्याने. पूजा आटोपून आम्ही पेढे वाटत होतो. हा मुलगा लेथच्या लीड स्क्रूवर बोट ठेवून उभा. म्हणाला, सर, आपण जॉबवर आटे पाडतो ते या लीड स्क्रूच्या जोरावर. हा जितका अचूक, तितके आपले आटे अचूक. मग या लीड स्क्रूवर आटे कोणी पाडले? मी म्हटले, दुसऱ्या लेथने. आणि त्या लेथच्या लीड स्क्रूवर? तिसऱ्या लेथने. असे मागे मागे जात राहिलो तर सर, पहिला अचूक स्क्रू आला कुठून?

मला उत्तर येत नव्हते. वर्गात ज्याचे उत्तर येत नाही तो प्रश्न शिक्षकाला रात्री झोपू देत नाही. मी पुस्तके धुंडाळू लागलो आणि त्या शोधात मला एक माणूस भेटला. उंचापुरा, सहा फुटांच्या वर, हसऱ्या चेहऱ्याचा, हातात कानस असली की जगाला विसरणारा इंग्रज कारागीर. त्याचे नाव हेन्री मॉड्स्ले. यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचा जनक म्हणून अभियांत्रिकीच्या इतिहासात तो प्रसिद्ध आहे. मला मात्र त्याच्यात आमच्या जमातीचा माणूस दिसला. म्हणून आज त्याची कहाणी सांगावीशी वाटते.

बारूदखान्यातला पोरगा

मॉड्स्लेचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनजवळच्या वुलिचचा. वुलिच म्हणजे इंग्लंडच्या तोफा-दारूगोळ्याचे माहेरघर. वडील लष्करात कारागीर होते; जखमी झाल्यावर ते वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात कामाला लागले, आणि हेन्री लहान असतानाच वारले. घरची परिस्थिती बेताची. बाराव्या वर्षी पोरगा त्याच शस्त्रागारात चिकटला. काम कसले, तर काडतुसांत दारू भरण्याचे! आज ज्या वयात मुले सहावी-सातवीत असतात त्या वयात हा बारूद हाताळत होता. त्या काळात त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

दोन वर्षांनी त्याला सुतारखान्यात घातले. पण याचे लक्ष रंध्यावर कमी आणि पलीकडच्या लोहारखान्यातल्या ऐरणीवर जास्त. संधी मिळाली की हा भात्यापाशी. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला लोहारकामावर घेतले गेले. तापलेल्या लोखंडाला काही घावांत आकार देण्यात त्याचा हात एवढा बसला, की अठरा वर्षांचा व्हायच्या आधीच त्याची ख्याती वुलिचबाहेर लंडनपर्यंत गेली.

आमच्या धंद्यातली मंडळी हे वाचून मनातल्या मनात हसतील. कारण आमचीही वाट थोडीफार अशीच. १९७३ साली मी आयटीआयला टर्नर ट्रेडसाठी नाव घातले, तेव्हा आठवडेच्या आठवडे लेथला हातही लावू दिला नव्हता. वाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा आणि कानस मारायची. तळहाताला फोड यायचे. आमचे उस्ताद पाठमोरे उभे असायचे, पण कानशीच्या आवाजावरून कोणाचा हात डुलतो आहे हे ओळखून नेमक्या त्याच पोराच्या पाठीत धपाटा घालायचे. तेव्हा राग यायचा. हाताला सपाटी कळल्याशिवाय यंत्राला ती सांगता येत नाही, हे फार उशिरा उमगले.

कुलूप आणि वाइस

लंडनमध्ये त्या वेळी जोसेफ ब्रामा नावाचा एक मोठा कल्पक गृहस्थ होता. शेतकऱ्याचा मुलगा, पायाच्या दुखापतीमुळे शेती सुटली आणि सुतार झाला. १७८४ साली त्याने एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले. कुलूप असे, की कोणाही चोराला उघडता येऊ नये. पण अडचण वेगळीच होती. हे कुलूप कागदावर सुंदर दिसे. बनवायला मात्र हात मिळेना. आतले भाग इतके बारीक आणि नेमके, की एकेक कुलूप घडवताना कारागिरांचा जीव मेटाकुटीस येई, आणि किंमत गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जाई. कोणीतरी वुलिचच्या पोराचे नाव सुचवले. १७८९ साली अठरा वर्षांचा मॉड्स्ले ब्रामासमोर उभा राहिला.

त्याला पाहून ब्रामाच बिचकला. एवढेसे पोर! त्यातून त्या काळचा दंडक असा, की सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कारागीर म्हणवून घ्यायचे नाही. मॉड्स्लेने रीतसर उमेदवारी केलेली नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर सर्टिफिकेट नव्हते. सांगतात, की तेव्हा दुकानातला एक जुना, झिजलेला वाइस त्याच्यापुढे टाकण्यात आला. याचे जबडे नव्याने बसवून, कानसून, पाणी देऊन संध्याकाळी सहाच्या आत तयार कर. जमले तर नोकरी. सहा वाजायच्या आत वाइस तयार होता. सात वर्षांच्या उमेदवारीचा प्रश्न मग कोणी काढला नाही, आणि थोड्याच काळात हा पोरगा त्या वर्कशॉपचा मुख्य कारागीर झाला.

ब्रामाच्या कुलपासाठी त्याने काय केले, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याने कुलपे भराभर घडवली नाहीत. कुलपाचे भाग घडवणारी यंत्रे घडवली. खाचा पाडण्यासाठी एक, स्प्रिंग गुंडाळण्यासाठी दुसरे. जे काम एका हुशार हातावर अवलंबून होते ते त्याने यंत्राच्या स्वाधीन केले, आणि मग साधा हातही ते काम अचूक करू लागला. त्याच्या हातचे एक कुलूप ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत मांडून ते उघडणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस लावले गेले. साठ-एक वर्षे ते बक्षीस कोणी नेले नाही. शेवटी १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खटपट करून ते उघडले. तोवर ब्रामाही गेला होता आणि मॉड्स्लेही!

ब्रामाच्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचीही अशीच गोष्ट. प्रेस चालू झाला की दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. पॅकिंग आवळले तर दट्ट्या अडके. मॉड्स्लेने चामड्याचे वाटीसारखे कडे बसवले. आत दाब चढला की कडे आपोआप फुगून घट्ट बसते, दाब उतरला की सैल होते. हायड्रॉलिकवर काम केलेल्या कोणालाही हे सील ओळखीचे वाटेल. या सुधारणेचे श्रेय जाणकार मॉड्स्लेलाच देतात.

पगारवाढीचा अर्ज

१७९१ मध्ये त्याने सारा टिंडेल हिच्याशी लग्न केले. ती ब्रामाच्याच घरी कामाला होती. मुलेबाळे झाली, खर्च वाढला. पगार आठवड्याला तीस शिलिंग. १७९७ साली, म्हणजे नोकरीला आठ वर्षे झाल्यावर, त्याने ब्रामाकडे पगारवाढ मागितली. ब्रामाने साफ नकार दिला. मॉड्स्लेने नोकरी सोडली.

एवढ्या एका वाक्यात उरकणारी ही घटना मी किती वेळा वाचली असेन! कारण या जागी माझी स्वतःची गोष्ट येऊन उभी राहते. मी १९७५ मध्ये एका कारखान्यात लागलो. आठ वर्षे लेथ चालवली. चौथ्या वर्षीच माझ्या जॉबची तपासणी करायची गरज नाही असे इन्स्पेक्टर म्हणू लागला होता. १९८३ मध्ये मी साहेबांकडे गेलो आणि चाळीस रुपये वाढ मागितली. त्यांनी खिडकीतून गेटकडे बोट दाखवले. तिथे दहा पोरे उभी होती. मी खाली मान घालून परत यंत्रावर आलो. घरी तान्हे मूल होते. मॉड्स्लेच्या घरीही लहान मुले होतीच. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा आणि मी सत्तावीस. तो गेला, मी राहिलो.

यात त्याचे शौर्य आणि माझा भित्रेपणा, असा हिशेब मी आता मांडत नाही. पूर्वी मांडत असे. माझ्याच पाळीतला एक मित्र नोकरी सोडून गेला, कर्ज काढून जुनी लेथ घेतली, भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये मांडली, आणि चार वर्षांत लेथही गेली आणि शेडही. धंदा सोडून जाणाऱ्याला कारागिरीइतकीच वेळेचीही साथ लागते. मॉड्स्लेच्या काळात इंग्लंड फ्रान्सशी युद्धात गुंतले होते, जहाजे हवी होती, वाफेची इंजिने हवी होती, आणि लोखंड नेमके कापू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याच्यापाशी हात होता आणि काळही त्याचाच होता.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीटवर त्याने छोटेसे दुकान थाटले. पहिली ऑर्डर कसली म्हणाल? एका चित्रकाराच्या मोठ्या घोडीचे लोखंडी काम! तिथून कॅव्हेंडिश स्क्वेअरजवळची मोठी जागा, आणि १८१० मध्ये टेम्सच्या दक्षिणेला लँबेथमध्ये कारखाना.

पहिला स्क्रू

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ.

मॉड्स्लेच्या आधी लेथ नव्हती असे नाही. ती हजारो वर्षांची जुनी आहे. आपल्याकडे पाळण्याच्या दांड्या आणि लाटणी कातणारे कातारी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. पण जॉब फिरायचा आणि टूल माणसाच्या हातात असायचे. लोखंडासारख्या धातूवर हात थरथरला की माप गेले. मॉड्स्लेने टूल हातातून काढून लोखंडी पकडीत बसवले आणि ती पकड स्क्रूच्या साहाय्याने सरकवली. यालाच आपण स्लाइड रेस्ट म्हणतो. सुरुवातीला याला हसणारेही होते. फ्रान्समध्ये त्याआधीही असे काही प्रयत्न झाले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण सगळे लोखंडी, मजबूत, रोजच्या कामाला टिकणारे आणि अचूक असे यंत्र मॉड्स्लेने उभे केले. १८०० च्या सुमारास त्याने जी आटे पाडायची लेथ बनवली तिच्यात लीड स्क्रू, स्लाइड रेस्ट आणि बदलता येणारे गिअर हे तिन्ही एकत्र आले. गिअर बदला, आट्यांचे माप बदलेल. स्क्रू बदलायला नको. ती लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तिचे चित्र पाहिले आणि मला घरचेच माणूस भेटल्यासारखे झाले.

आणि पहिला स्क्रू? त्यासाठी मॉड्स्लेने एक युक्ती केली. लाकूड किंवा कथलासारख्या मऊ धातूचा दांडा फिरता ठेवायचा आणि एक कठीण धारदार पाते ठरावीक कोनात तिरके धरून त्यावर टेकवायचे. पाते मऊ अंगात रुतते आणि तिरकस असल्यामुळे दांडा फिरताना त्यावर आपोआप वळसे उमटत जातात. कोन बदलला की आट्यांतले अंतर बदलते. म्हणजे पहिल्या आट्यांना आधीच्या आट्यांचा आधार नव्हता. आधार होता नेमक्या कोनाचा. मग त्या स्क्रूवरून दुसरा, दुसऱ्यातल्या चुका शोधून तिसरा. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा थोडी निर्दोष. माझा विद्यार्थी मागे मागे जात होता आणि प्रत्येक पायरीवर त्याला तितकाच अचूक स्क्रू हवा होता. तिथेच तो चुकत होता. मागे जावे तसा स्क्रू ओबडधोबड होत जातो, आणि सर्वांत मागे असतो एक मऊ दांडा, एक पाते आणि चूक शोधायची तयारी असलेला माणूस.

या मार्गाने त्याने कुठवर मजल मारली पाहा. खगोलशास्त्रीय उपकरणांच्या मोजपट्ट्या आखण्यासाठी त्याने पाच फूट लांब, दोन इंच व्यासाचा स्क्रू केला. इंचाला पन्नास आटे. त्याचा नट बारा इंच लांब, म्हणजे आत सहाशे आटे! ज्याने आयुष्यात एक तरी लांब स्क्रू लेथवर काढला आहे त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

त्याआधी प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट ही एकमेकांचीच जोडी असे. नट हरवला की बोल्ट बाद. यंत्र उघडताना कारागीर प्रत्येक जोडीवर खुणा करून ठेवत. मॉड्स्लेने आपल्या कारखान्यात आट्यांची मापे ठरवून टाकली. कुठलाही नट त्या मापाच्या कुठल्याही बोल्टला बसलाच पाहिजे. आज दुकानात जाऊन आपण मापाचा नट मागतो आणि तो बसेल की नाही अशी शंकाही मनात येत नाही, त्या निश्चिंतीची सुरुवात तिथे झाली.

मापाबद्दल तो हट्टी होता. त्याच्या बाकावर एक मायक्रोमीटर होता. इंचाचा दहा हजारावा हिस्सा, म्हणजे अडीच मायक्रॉन, त्यावर पाहता येई. कारखान्यात मापावरून वाद झाला की निकाल या यंत्राचा. म्हणून त्याने गमतीने त्याला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधीशाचे, लॉर्ड चान्सलरचे, नाव दिले होते! कारागिरांच्या बाकांवर त्याने सपाट पोलादी प्लेटा ठेवल्या होत्या. जॉब त्यावर घासून पाहायचा, रंग लागेल तो उंचवटा, तो खरवडायचा. आमच्या टूलरूममध्ये निळा रंग लावून आम्ही तेच करत होतो. दोनशे वर्षांत रंग तेवढा बदलला असेल.

दहा माणसे आणि एकशे दहा

मॉड्स्लेचे नाव खरे झाले ते कप्प्यांमुळे. शिडाच्या जहाजाला दोर ओढण्यासाठी शेकडो लाकडी कप्प्या लागत. इंग्लंडच्या आरमाराला वर्षाला लाखभर लागायच्या, आणि त्या हाताने घडवल्या जात. मार्क ब्रुनेल या फ्रेंच अभियंत्याने त्या यंत्राने बनवण्याची योजना आखली, आरमाराचे सॅम्युअल बेंथम यांनी ती उचलून धरली, आणि प्रत्यक्षात उतरवण्याचे काम मॉड्स्लेकडे आले. १८०२ पासून पुढची काही वर्षे खपून त्याने पोर्टस्मथच्या गोदीसाठी चाळीसहून अधिक यंत्रे बनवली. एकाने लाकूड कापायचे, दुसऱ्याने भोक पाडायचे, तिसऱ्याने खाच घ्यायची. १८०८ साली तिथे एक लाख तीस हजार कप्प्या तयार झाल्या. जगातली ही पहिली मोठी यांत्रिक उत्पादनाची ओळ मानतात. त्यातली काही यंत्रे विसाव्या शतकातही काम करत होती.

याच ठिकाणी एक आकडा सगळी पुस्तके कौतुकाने देतात. एकशे दहा कुशल कारागिरांचे काम आता दहा अकुशल माणसे करू लागली. पुस्तक लिहिणारा पुढच्या पानावर जातो. मी जाऊ शकलो नाही. कारण उरलेल्या शंभरांत मी होतो.

१९९० नंतर आमच्या कारखान्यात सीएनसी यंत्रे आली. मी ज्या जॉबला दोन तास घेई तो पंधरा मिनिटांत उतरू लागला. यंत्रावर उभा राहणारा पोरगा जॉब लावायचा, बटन दाबायचा, जॉब काढायचा. त्याला टूल धार लावता येत नव्हते. त्याची गरजही नव्हती. १९९७ मध्ये आम्हाला स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले. त्यात स्वेच्छा किती होती ते सही करणाऱ्यालाच ठाऊक. माझी जुनी लेथ भंगारवाल्याने वजनावर नेली. ट्रकवर चढवताना तिचा चक हलत होता, हे अजून डोळ्यांसमोर आहे.

मग मॉड्स्लेवर रागवायचे का? मी बरीच वर्षे या प्रश्नाशी झटलो. पोर्टस्मथमध्ये कौशल्य नाहीसे झाले नाही. ते जागा बदलून गेले. कप्पी करणाऱ्याच्या हातातून निघून ते कप्पीचे यंत्र करणाऱ्याच्या हातात गेले. लँबेथच्या कारखान्यात जितके तरबेज हात जमले तितके जगात दुसरीकडे क्वचितच असतील. सीएनसीमुळेही तसेच झाले. बटन दाबणारा स्वस्त झाला. पण प्रोग्राम लिहिणारा, फिक्स्चर आखणारा, बिघडलेल्या यंत्राची नाडी ओळखणारा महाग झाला. कौशल्य पुढच्या गावाला जाते, कारागिरानेही जावे, हे खरे. पण त्या प्रवासाचे भाडे कोणी भरायचे, हे दोनशे वर्षांत ठरलेले नाही. त्या शंभर जणांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

लँबेथचे विद्यापीठ

लँबेथला मॉड्स्लेने पुढे जोशुआ फील्ड याला भागीदार घेतले, मुले हाताशी आली. टेबल इंजिन, जहाजांची वाफेची इंजिने, टेम्स नदीखालून बोगदा खणण्यासाठी ब्रुनेलने आखलेले लोखंडी कवच अशी कामे तिथून बाहेर पडली. यात आपल्याकडचाही एक धागा आहे. १८२५ साली इंग्लंडहून कलकत्त्याला आलेल्या एंटरप्राइज या पहिल्या वाफेच्या जहाजाचे इंजिन मॉड्स्लेच्या कारखान्यातले. आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या, १८३० च्या मार्चमध्ये मुंबईहून निघून एप्रिलमध्ये सुवेझला पोहोचलेल्या ह्यू लिंडसे या आगबोटीचे इंजिनही तिथलेच. म्हणजे बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटायच्या तेवीस वर्षे आधी मॉड्स्लेच्या हातचे लोखंड मुंबईच्या पाण्यात फिरत होते.

पण मला त्याच्या इंजिनांपेक्षा त्याची माणसे मोठी वाटतात. रिचर्ड रॉबर्ट्स तिथे होता. त्याने पुढे रंधा मारावा तसे लोखंड सपाट करणारे यंत्र बनवले. जोसेफ क्लेमंट हा विणकराचा मुलगा, घरांची छपरे शाकारणारा. त्याने पुढे बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग घडवले. जोसेफ व्हिटवर्थ सूतगिरणी सोडून आला होता. त्याने १८४१ मध्ये साऱ्या देशासाठी आट्यांचे एकच प्रमाण सुचवले. पंचावन्न अंशांचा कोन, अर्ध्या इंचाला बारा आटे. आमच्या पिढीतला प्रत्येक टर्नर हे आकडे झोपेतही सांगेल. पुढे साठ अंशांचे मेट्रिक आटे आले, तरी जुन्या गॅरेजमध्ये व्हिटवर्थचे टॅप अजून सापडतात. याच व्हिटवर्थने श्रीमंत झाल्यावर १८६८ मध्ये होतकरू यंत्रकारागिरांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या.

आणि जेम्स नेस्मिथ. हा एडिंबरोच्या चित्रकाराचा मुलगा. १८२९ साली स्वतः केलेले छोटे इंजिन आणि काही आराखडे घेऊन वडिलांबरोबर आला. मॉड्स्लेने फी घेऊन उमेदवार ठेवणे बंद केले होते. पैसे भरणारी श्रीमंतांची पोरे वेळेवर येत नसत. तरी त्याने बापलेकांना कारखाना दाखवला. इंजिनघरातला माणूस राख ओढत होता. पोरगा म्हणाला, मला हे काम दिले तरी मी करीन. मग मॉड्स्लेने त्याचे इंजिन नीट पाहिले आणि थेट आपला खास मदतनीस म्हणून ठेवून घेतले. आठवड्याला दहा शिलिंगांत नेस्मिथ स्वतः रांधून जेवत शिकला आणि पुढे वाफेचा घण काढून जगप्रसिद्ध झाला. मॉड्स्ले सुटीच्या दिवशी शांत कारखान्यातून फिरे आणि कामांवर खडूने शेरे लिहून ठेवी, ही आठवण त्याचीच. सोमवारी आलेल्या कारागिराला आपल्या जॉबवर मालकाचा शेरा दिसे.

सगळ्यांचे भले झाले असे मात्र नाही. रॉबर्ट्स एवढा कल्पक, पण १८६४ मध्ये गरिबीत वारला. हात चांगला असणे आणि हिशेब चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोरांना ट्रेड शिकवताना आपण दुसरी गोष्ट शिकवत नाही.

१८३१ च्या जानेवारीत फ्रान्सहून परतताना मॉड्स्लेला थंडी बाधली आणि फेब्रुवारीच्या मध्यात, साठी गाठण्याआधीच, तो गेला. वुलिचलाच त्याला पुरले. थडगे दगडाचे नव्हते, ओतीव लोखंडाचे. ते त्याने स्वतःच आखले होते. अंत्ययात्रेला त्याचे कामगार मोठ्या संख्येने होते. कारखाना मुलांनी आणि नातवांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालवला, मग तोही बंद पडला. आज त्या जागी लंडनच्या भुयारी रेल्वेचे लँबेथ नॉर्थ स्टेशन आहे.

तो लीड स्क्रूचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आता एका टूलरूममध्ये सात वर्षे काम करतो आहे. मागच्या महिन्यात घरी आला होता. पगारवाढ मागितली, नाही म्हणाले. सोडू का सर, असे विचारत होता. मी त्याला सोड म्हटले नाही आणि राहा असेही म्हटले नाही. मॉड्स्लेची गोष्ट सांगितली, रॉबर्ट्सचीही सांगितली, भोसरीच्या मित्राची आणि माझीही. मग त्याला तीन गोष्टी विचारल्या. तुला नुसता जॉब करता येतो की जॉबचे फिक्स्चरही? जॉबची किंमत काढता येते का? आणि सहा महिने काम नाही मिळाले तर घर चालेल का? पहिल्याला तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्याला थोडा थांबला. तिसरा प्रश्न त्याने वहीत लिहून घेतला.

जाताना विचारू लागला, सर, १९८३ साली तुम्ही स्वतःला हे प्रश्न विचारले असते तर? मी म्हटले, तेव्हा मला ते माहीतच नव्हते. कोणी सांगितले नव्हते, म्हणून तर तुला सांगतो आहे.